धरणाकाठचं घर, चार भावंडं आणि एक सातबारा

प्रश्न : आम्ही चार भावंडं. मी आणि थोरला भाऊ ठाण्यात, ताई नाशिकला, धाकटा अमेरिकेत. वडील गेल्यापासून एकत्र येणं कमी झालंय, म्हणून सगळ्यांनी मिळून सुट्टीत राहायला एक घर बांधावं असं ठरतंय. पवना धरणाच्या काठाशी वीस गुंठे जमीन पाहिली आहे. एजंट म्हणतो, जमीन 'लेक टच' आहे, सध्या शेती आहे, एनए नंतर होईल. आईच्या नावावर साताऱ्याकडे शेती आहे, म्हणून खरेदी तिच्या नावावर करा, काही अडचण येणार नाही. पैसे चौघंही सारखे घालणार. आईच्या नावावर असलं की पुढे भांडणंही होणार नाहीत, असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं. बरोबर आहे ना?

उत्तर : सगळ्यांचं एकमत झालेलं असूनही तुम्ही शेवटी 'बरोबर आहे ना' असं विचारलंत. म्हणजे मनात कुठे तरी पाल चुकचुकली आहे. ती उगाच चुकचुकलेली नाही.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. पाण्यालगत जमीन घेतली म्हणजे काठ आपला होतो का? वीस गुंठे शेतजमिनीवर सुट्टीचं घर बांधता येतं का? आणि पैसे चौघांचे, नाव एकाचं, असा व्यवहार पुढे सुखाचा होतो का? हे तिन्ही प्रश्न एजंटने एकाच वाक्यात गुंडाळले आहेत. आपण ते सुटे करून पाहू.

काठ कुणाचा?

लोणारसारखे अपवाद सोडले, तर महाराष्ट्रात आपण ज्याला हौसेने तळं किंवा लेक म्हणतो, ते बहुधा धरणाचं साठवलेलं पाणी असतं. पवनाही तसंच. मावळातल्या या धरणातून पिंपरी-चिंचवडला पिण्याचं पाणी जातं. धरण पावसाळ्यात भरतं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत रोज थोडं थोडं रिकामं होतं. त्यासाठीच ते बांधलेलं आहे. त्यामुळे तुमच्या जमिनीसमोरचं पाणी बारमाही तिथेच उभं राहील, ही अपेक्षा धरणाकडून करता येत नाही.

एजंटच्या मोबाइलमधला फोटो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. पाणी काठोकाठ, मागे तुंग नाही तर तिकोना, सगळं हिरवंगार. तीच जागा मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन पाहा. पाणी उतारावरून खाली सरकलेलं असतं. वर भेगाळलेल्या गाळाचा पट्टा, त्यात अडकलेल्या बाटल्या आणि पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या एकाखाली एक रेघा दिसतात. उतार तीव्र असेल तर पाणी थोडंच लांब जातं. उतार मंद असेल तर तेच पाणी इतकं मागे हटतं की 'लेक टच' जमिनीवरून लेक शोधावा लागतो. आणि पाण्याला सर्वांत जवळची म्हणून जी जमीन महाग विकली जाते, तिचा उतार बऱ्याचदा मंदच असतो.

आता मालकीचं. धरण बांधताना सरकारने बुडणारी जमीन संपादित केली. संपादनाची हद्द ठरते ती धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येईल त्या पातळीवरून, आज पाणी कुठे दिसतं यावरून नव्हे. म्हणून उन्हाळ्यात उघडी पडणारी जमीन कुणाची नाही असं वाटलं, तरी ती जलसंपदा विभागाची असते. तिथे कुंपण घालणं, पायऱ्या बांधणं, होडीसाठी धक्का करणं हे तुमच्या हक्कात येत नाही. धरणातून पंपाने पाणी उचलायलाही परवानगी लागते. शिवाय ओसरलेल्या पाण्याखालच्या या जमिनीला गाळपेर जमीन म्हणतात आणि ती धरणग्रस्तांना हंगामी पिकासाठी कसायला देण्याची पद्धत आहे. समोर नांगर धरलेला माणूस अतिक्रमण करतोय असं समजून त्याच्याशी हुज्जत घालायला जाऊ नका. त्या जागेवर त्याचा हक्क तुमच्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे.

इथे दोन गैरसमज हमखास भेटतात. पहिला असा, की या पाण्याला सगळे 'बॅकवॉटर' म्हणतात, म्हणजे इथेही सीआरझेड लागू असणार. सीआरझेड समुद्रकिनारा आणि भरती-ओहोटीचं पाणी पोचतं त्या खाड्यांसाठी आहे, सह्याद्रीतल्या धरणाला ते लागू होत नाही. दुसरा गैरसमज पहिल्यातूनच निघतो : सीआरझेड नाही, म्हणजे काहीच बंधन नाही. तसंही नाही. संपादनाची हद्द आहे, बांधकामाचे नियम आहेत, आणि पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात सांडपाणी सोडता येत नाही हे तर उघडच आहे. धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठी जागा पाहत असाल, तर पूररेषाही पाहावी लागते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा.

पवना नको, दुसरं धरण बघू, असं मनात येईल. जरूर बघा, पण प्रत्येक पाण्याची भानगड वेगळी. मुळशीचं धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं, तिथली बुडीत जमीन सरकारऐवजी कंपनीकडे गेली. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१मध्ये सत्याग्रह उभा राहिला, हे आपण शाळेत वाचलंय. भंडारदऱ्याला जाल तर अकोले तालुक्यातली बरीच जमीन आदिवासींची आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार बिगरआदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. कोयनेच्या शिवसागराकाठचं तापोळा डोळ्यांना सुख देतं, पण महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पलीकडे कोयना अभयारण्य आहे. देखावा सगळीकडे सुंदर असतो, म्हणून निवड करताना आधी कागद पाहायचे.

वीस गुंठ्यांत घर बसतं का?

एजंटने वीस हाच आकडा का धरला, ते पाहा. शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे. त्याखाली २०२३मध्ये जिरायतीसाठी किमान २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ही मर्यादा ठरली. नागरी भागांसाठी हे नियम आता सैल होत आहेत, पण धरणाकाठच्या जिरायती शेतीत विकता येण्याजोगा सर्वांत छोटा तुकडा साधारण वीस गुंठ्यांचाच. तेव्हा खरेदी होईल. पण खरेदी होणं आणि घर बांधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेतजमिनीवर बांधता येतं ते शेतघर, म्हणजे शेती करणाऱ्यासाठीचं घर. त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास चाळीस गुंठे जमीन लागते. तुमच्याकडे निम्मीच आहे. म्हणजे शेतजमीन म्हणून घेतलेल्या या तुकड्यावर शेतघरही बसत नाही. राहिला मार्ग एनएचा.

एनए म्हणजे शेतीखेरीज वापराची परवानगी. गेल्या काही वर्षांत ती पद्धत बरीच सोपी झाली आहे. मात्र ती सोपी झाली ती आराखड्यात जिथे रहिवासी वापर मान्य आहे, अशा जमिनींसाठी. जमीन शेती किंवा हरित विभागात असेल, तर 'नंतर करून देऊ' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. म्हणून एनएच्या गप्पांआधी झोन दाखला मागा. मावळ तालुका पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. बांधकामाचा नकाशा मंजूर होतो तो तिथे, सरपंचांच्या शब्दावर नव्हे.

सरपंचांवरून आठवलं. एजंट एक कागद हमखास दाखवतात : 'हा पाहा ग्रामपंचायतीचा आठचा उतारा, घरपट्टीसुद्धा भरलेली आहे.' या आठमध्ये भलीभली माणसं फसतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे. महसूल खात्याचा गाव नमुना ८-अ वेगळा, त्यात एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. घरपट्टी तर अनधिकृत घरावरही बसते. पंचायतीने कर घेतला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

आणखी एक युक्ती तुमच्यापुढे येईल, कारण वीस गुंठे परवडले नाहीत की ती पुढे येतेच. दहा-अकरा अनोळखी माणसं मिळून एकच तुकडा सामाईक खरेदी करतात. सातबाऱ्यावर एकाखाली एक नावं लागतात आणि कुणाचा प्लॉट कुठला हे एका नकाशावर रंगवून नोटरी केलं जातं. कागदावर जमिनीचा तुकडा पडत नाही, म्हणून तुकडेबंदी मोडली असं दिसत नाही. पण त्याच कारणाने तुमचा प्लॉटही तुमचा होत नाही. नोटरीने मालकी मिळत नाही. तुमच्याकडे राहतो तो सगळ्या जमिनीतला एक अविभक्त हिस्सा. शेजारच्याने तुमच्या दारात गोठा बांधला, तर 'ही जागा माझी' असं सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे नसतो.

आता शेतकरी असण्याबद्दल. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ची बंदी आहे. परवानगीशिवाय व्यवहार झाला, तर तो अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. खरेदीखतात ज्या ज्या व्यक्तीचं नाव येतं, तिने स्वतःचा शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर जावई शेतकरी होत नाही. तुमच्या आईंच्या नावावर साताऱ्याला शेती आहे, तेव्हा त्या घेऊ शकतात. एजंटचं एवढं वाक्य खरं आहे. पण पुढची गुंतागुंत नेमकी तिथूनच सुरू होते.

आईच्या नावावर घेतलं, तर घर कुणाचं?

उत्तर सरळ आहे : आईचं. तुम्ही चौघांनी पैसे घातले म्हणून ते तुमचं होत नाही. आता यातून काय काय निघतं ते पाहा.

पहिलं, पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, अशा व्यवहाराला बेनामी म्हणतात. १९८८च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन तो बराच कडक झाला. त्याला सवलती आहेत. हिशेबातल्या पैशाने नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलेलं घर बेनामी धरत नाहीत. आई-वडील किंवा भावंडांच्या बाबतीतही सवलत आहे, पण तिला एक अट आहे : पैसे देणाऱ्याचं नावही कागदावर सहमालक म्हणून असलं पाहिजे. म्हणजे आईसाठी घर घेणारा मुलगा आईच्या जोडीने स्वतःचं नाव लावतो तेव्हा सुरक्षित असतो. 'नाव फक्त आईचं, घर खरं तर आमचं' ही तुमची योजना त्या सवलतीत बसत नाही.

मग आईला पैसे बक्षीस म्हणून द्यायचे आणि तिने घ्यायचं, असं केलं तर? ते चालतं. मुलांनी आईला दिलेल्या रकमेवर आईला प्राप्तिकर लागत नाही. पैसे बँकेतून जावेत आणि 'प्रेमापोटी दिले, परत मागणार नाही' असं साधं पत्र असावं, म्हणजे झालं. पण मग ते खरोखरच बक्षीस असतं. आई उद्या ते घर फक्त ताईच्या नावावर करून देऊ शकतात, किंवा मृत्युपत्रात मोलकरणीच्या मुलीच्या शिक्षणासाठी विकायला सांगू शकतात. त्या तसं करणार नाहीत, हे मलाही पटतं. मी कायदा काय म्हणतो तेवढंच सांगतोय.

दुसरं, आईंनी मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यांचे मुलगे आणि मुली समान वाटेकरी होतात. वाटणी सारखीच झाली म्हणून तुम्ही म्हणाल, ठीक आहे. पण चौघांपैकी एखाद्याचं आईंच्या आधी बरंवाईट झालं, तर त्याचा वाटा त्याच्या मुलांकडे जातो. त्याच्या पत्नीला सासूच्या मिळकतीत थेट वाटा मिळत नाही. मूलबाळ नसेल, तर त्या घराने घातलेले पैसे उरलेल्या तिघांच्या वाट्याला जातात. घर आईच्या नावावर ठेवल्याने भांडण टळत नाही, पुढच्या पिढीकडे सरकतं. आणि पुढची पिढी एकमेकांना तुमच्याइतकी ओळखत नसते.

तिसरं, 'आम्ही नॉमिनी लावून ठेवू.' नॉमिनी हा मालक नव्हे. त्याच्या हाती मिळकत येते ती वारसांच्या वतीने सांभाळायला. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. शिवाय सातबाऱ्यावर नॉमिनी नावाचा रकानाच नसतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नाही.

चौथं, अमेरिकेतले धाकटे बंधू. अनिवासी भारतीयाला परकीय चलन कायद्याखाली शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळालं तर मात्र चालतं. म्हणजे हीच जमीन चौघांच्या नावावर घ्यायची म्हटली, तर त्यांचं नाव घालता येणार नाही. एनए झालेला रहिवासी प्लॉट किंवा बांधलेला बंगला असेल, तर मात्र ते सहमालक होऊ शकतात. एकाच कुटुंबातल्या एका माणसामुळे कुठली जमीन घ्यायची हे ठरतं, ते असं.

चौघांच्या नावावर कसं लिहायचं?

या सगळ्यातून वाट अशी निघते : शेतजमिनीचा नाद सोडून रहिवासी एनए प्लॉट किंवा मंजूर नकाशाचं तयार घर पाहा आणि चौघांची नावं घाला. आईंची हौस असेल तर पाचवं नाव त्यांचं.

खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. हिस्से लिहिले नसतील, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ मदतीला येतं : ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि पैशांचा पुरावा नसेल तर सगळ्यांचे हिस्से समान. 'पुरावा नसेल तर' हे शब्द वाचल्यावर प्रत्येकाने आपला वाटा आपल्याच खात्यातून का द्यायचा, ते वेगळं सांगायला नको. हिस्से ठरलेले असले की पुढे भाड्याचं उत्पन्न आलं तर करही ज्याचा त्याने आपापल्या वाट्यापुरता भरायचा.

कराचे दोन बारकावे. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो. चौघांत वाटल्यावर प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या खाली येतो, ही पळवाट आता बंद आहे, एकूण रक्कम पाहतात. दुसरा बारकावा मुद्रांक शुल्काचा. घर फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत आहे. ती ऐकल्यावर 'आई आणि ताईच्या नावावर करू' असं कुणीतरी म्हणेलच. एका टक्क्यासाठी वरचे चारही मुद्दे पुन्हा अंगावर घेऊ नका.

कुणी बाहेर पडलं तर काय? सहमालकाला आपला हिस्सा विकता येतो, त्याला उरलेल्यांची परवानगी लागत नाही. हे ऐकून लोक दचकतात. पण कायद्याने थोडं कुंपण घातलंय. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तर त्याला घरात येऊन तुमच्यासोबत राहण्याचा हक्क मिळत नाही. आणि त्याने वाटपाचा दावा केला, तर १८९३च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला कुटुंबातल्या माणसाला विकत घेता येतो. पण सुट्टीचं घर आणि वेगवेगळ्या शहरांत राहणारी भावंडं यांना ही संरक्षणं लागू आहेत की नाहीत, यावरच कोर्टात वर्षं जातील. म्हणून हे कुंपण आपणच आधी घालावं.

त्यासाठी खरेदीच्या वेळीच सहमालकांचा एक करार करा. त्यात फार कायदेशीर भाषा नको, पण चार गोष्टी स्पष्ट हव्यात. हिस्सा विकायचा झाला तर आधी भावंडांना विचारायचं. किंमत सरकारमान्य मूल्यांककाने ठरवायची. पैसे द्यायला किती महिने मुदत, ते लिहायचं. आणि घर भाड्याने द्यायचं की नाही, हे सगळ्यांच्या संमतीनेच ठरवायचं. चौघांसाठी कंपनी किंवा ट्रस्ट काढायचा सल्ला कुणी दिला, तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

कराराच्या शेवटच्या पानावर पैसे आणि तारखा येऊ द्या. कुटुंबांमध्ये मालकीवरून वाद क्वचित होतात, वाद होतात ते ३१ डिसेंबरवरून. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांची पाळी दरवर्षी फिरती ठेवा. धाकटे बंधू वर्षातून एकदाच येणार, त्यांचे आठवडे आधी राखा. खर्चात वापरानुसार वाटणी करायची की हिश्शानुसार, ते ठरवा. माझं मत विचाराल तर वीजबिल आणि सिलिंडर वापरणाऱ्याचं, बाकी सगळं हिश्शाप्रमाणे. कारण मावळातला पावसाळा घर वापरलं की नाही हे पाहत नाही. चार महिने बंद घरात गाद्यांना बुरशी धरते, कौलं सरकतात, बोअरचा पंप जळतो, आवारात गवत कमरेएवढं वाढतं. राखणदाराचा पगार बारा महिने चालू असतो. हा खर्च कुणीच आधी धरत नाही आणि पहिल्या श्रावणातच तो दारात उभा राहतो.

पुढे एखाद्याला आपला हिस्सा भावालाच द्यायचा झाला, तर तोंडी सोडून चालत नाही. हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं. इथेही एक गंमत आहे. राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलगा-मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. भावाला किंवा बहिणीला दिली, तर ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार.

आता नेमकं काय करायचं?

सध्या दाखवलेल्या जमिनीला इसार देऊ नका. दुसरी जागा पाहाल तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सातबारा काढा. वरच्या भागात भूधारणा पद्धती पाहा. तिथे 'भोगवटादार वर्ग-१' असेल तर बरं, 'वर्ग-२' असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा या वर्गात असतात. मग उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना वाचा. बहुतेक लोक नावं वाचतात आणि हा रकाना सोडतात, खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनासाठी राखीव, वन, असं काही तिथे दिसलं तर थांबा.

त्यानंतर फेरफार पाहा. विकणाऱ्याच्या वडिलांनंतर वारस म्हणून कुणाकुणाची नावं लागली, त्यात बहिणी आहेत का, आणि त्या खरेदीखतावर सही करणार आहेत का, हे विचारा. तुम्ही स्वतः बहिणीला सारखा वाटा देताय, विकणाऱ्याच्या बहिणीचाही वाटा तितकाच खरा असतो. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, म्हणून हा शोध लागतो.

मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, म्हणजे धरणाची हद्द कुठे संपते ते खुणा ठोकून कळेल. रस्ता गटनकाशावर आहे की केवळ एखाद्याच्या बांधावरून जातोय, तेही त्याच दिवशी दिसेल. एनए आदेश, झोन दाखला आणि मंजूर नकाशा हातात आल्यावर बँकेकडे कर्जासाठी जा, पैसे हाताशी असले तरी. बँकेचा वकील तुमच्या वकिलापेक्षा जास्त संशयी असतो आणि त्याची फी परवडते. त्याने नाही म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नका.

हे सगळं होईपर्यंत मे उजाडेल, तेव्हा चौघांनी मिळून जागा एकदा उन्हात पाहून या. पाणी किती मागे गेलंय ते दिसेल, आणि त्या उन्हातही चौघांना ती जागा आवडली, तरच इसार द्या. सहमालकांचा करार मात्र त्याआधी लिहून ठेवा. सगळ्यांचं एकमत आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तो लिहायला फार वेळ लागू नये. लागलाच, तर एकमत खरंच आहे का, हे इसाराआधीच कळेल.